पष्टेकाकांचा तळमजला

आमच्या इमारतीत कुणी घर विकत घ्यायला आलं की ते पष्टेकाकांना कसं कळायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतला फरक ते फाटकातूनच ओळखत. पाहुणा समोर बघून चालतो, गिऱ्हाईक वर बघत चालतं, असं त्यांचं म्हणणं. मान वर करून, भिंतीवरचे पावसाळी ओघळ न्याहाळत कुणी आत शिरलं की काका तळमजल्यावरच्या आपल्या दारातून बाहेर येत, बंडीची बटणं लावत त्या माणसाच्या वाटेत उभे राहत आणि अगदी मायेनं विचारत, "घर बघायला आलात ना? कागद विचारलात काय?"

माणूस गोंधळे. कसले कागद, असं म्हणे. मग काका त्याला कट्ट्यावर बसवत आणि सगळं सांगत. चहा विचारत, पाणी देत, पण सांगितल्याशिवाय सोडत नसत. तो माणूस जिना न चढताच परत जाई. वर तिसऱ्या किंवा दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी घर झाडूनपुसून, पोह्यांची तयारी करून वाट बघत बसलेलं असे.

आमची इमारत शहापुरातून सापगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. तीन मजले, लिफ्ट नाही. जमिनीचा मालक धसईला राहतो. त्याच्या वडिलांनी ती बिल्डरला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिली, बिल्डरनं तिच्यावर घरं बांधून आम्हाला विकली. म्हणजे भिंती आमच्या आणि खालची माती दुसऱ्याची. त्यात वावगं काही नाही, पण घर विकायचं तर मालकाची लेखी संमती लागते. शिवाय भोगवट्याचा दाखला लागतो. इमारत नकाशाप्रमाणे बांधली आहे, माणसांनी तिथं राहायला हरकत नाही, असं कचेरीनं लिहून दिलेला तो कागद. आमच्याकडे यातलं काहीच नाही. मंजूर नकाशाही नाही. बिल्डर कुठं आहे ते कुणाला माहीत नाही. कुणी म्हणतं नाशिकला असतो, कुणी म्हणतं वारला. बँका अशा घराला कर्ज देत नाहीत आणि कर्जाशिवाय घर घेणारा माणूस आमच्या रस्त्याला वळत नाही.

हे सगळं काका खरं तेच सांगत. त्यांच्यावर राग होता तो त्यामुळेच. खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

एकदा मात्र त्यांचा अंदाज चुकला. दुसऱ्या मजल्यावरच्या घरतांच्या मुलीला बघायला किन्हवलीकडची मंडळी आली होती. मुलाचे वडील जरा उंच मानेचे. ते वर बघत आत आले आणि काकांनी त्यांना गाठलं. बाहेरून चांगलं दिसतंय म्हणून भुलू नका, म्हणाले, सगळं नीट विचारून घ्या, आमी इथं राहतो, आमाला ठाव हाय, आत लय भानगडी हायत. मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. काका म्हणाले, आधीपण दोघंतिघं येऊन बघून गेले, कोण परत आला नाय. एवढं ऐकल्यावर मंडळी वर गेली, दोन घोट चहा घेतला आणि पत्रिका जमत नाही म्हणून निघाली. घरत पुढचं वर्षभर काकांशी बोलले नाहीत. मुलीचं पुढं चांगल्या ठिकाणी जमलं. त्या लग्नात काकांनी आहेर दिला आणि मांडवातच नवरदेवाकडे त्याची पोच मागितली.

कागदाशिवाय त्यांचं पान हलत नसे. वाटीभर साखर उसनी न्यायला गेलं तरी चिठ्ठी लिहून घेत, आणि साखर परत दिली की तीच चिठ्ठी फाडून हातात देत. मुरबाडला एका डॉक्टरांकडे ते आयुष्यभर कंपाउंडर होते. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची सवय तिथली असावी, असं आम्ही म्हणायचो. एकटेच राहत. बायको गेलेली आहे, एवढं आम्हाला माहीत होतं. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या घरात कुणी गेलेलं नव्हतं. बोलायचं ते दारात, उभ्यानं.

आमच्या घरी मी आणि आप्पा, माझे वडील, दोघंच. मी इथल्या शाळेत शिकवते. आप्पांनी सगळी हयात मुरबाड–कल्याण रस्त्यावर जीप चालवली. शेअरची जीप, माणसं मागं लटकलेली. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ते नावानं ओळखायचे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा पडला, मग ते स्वतःच खाली बसले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. राहिला एक शब्द, "नाय". भूक लागली का, नाय. झोपायचंय का, नाय. बरं वाटतंय का, नाय. कुठल्या नायचा अर्थ होय आहे, हे मी हळूहळू शिकले.

तिसऱ्या मजल्यावर अशा माणसाला ठेवणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. दवाखान्यात न्यायचं तर चार माणसं गोळा करायची, आप्पांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवायचं आणि खुर्ची उचलून वळणावळणानं खाली आणायची. आप्पा डोळे मिटून घ्यायचे. एकदा मधल्या वळणावर एकाचा पाय घसरला आणि खुर्ची भिंतीवर आपटली. त्यानंतर खुर्ची दिसली तरी आप्पा डाव्या हातानं खाटेची कड घट्ट धरायचे. मी डॉक्टरांनाच घरी बोलवायला लागले. आप्पा छताकडे बघत पडून राहायचे.

त्या खुर्चीला खालच्या बाजूनं हात द्यायला काका प्रत्येक वेळी असायचे. उतरताना सगळा भार त्या बाजूला येतो. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे कुरकुरणारे, तरी ती जागा ते दुसऱ्याला देत नसत. शिवाय मी शाळेत असताना दुपारी ते वर येऊन आप्पांपाशी बसत. आमच्याकडे दुपारी एक बाई असायची, ती मला सांगायची की हे दोघं तासन्‌तास बोलतात. काका इमारतीतल्या एकेका माणसाबद्दल विचारत, हा माणूस बरा हाय काय? आप्पा म्हणत, नाय. तो? नाय. काका खूश. इमारतीत सरळ माणूस हा एकच, असं ते मला सांगत. कुणाला उगाच हो म्हणत नाय.

मी घर विकायचं ठरवलं. तळमजल्यावरची एखादी खोली घ्यायची, भाड्यानं मिळाली तरी चालेल, पण आप्पांना दार उघडलं की बाहेर दिसलं पाहिजे. एक जोडपं तयार झालं. ती सरकारी दवाखान्यात नर्स, तो कारखान्यात. मी त्यांना मुद्दाम आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी बोलावलं. त्या दिवशी काका सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडत.

त्या दिवशी ते गेले नाहीत. मी वरून बघितलं तर दोघं कट्ट्यावर बसलेली, काका समोर उभे. मी जिना उतरेपर्यंत सगळं सांगून झालं होतं. ती मुलगी भली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, घर आम्हाला आवडेल, पण बँक विचारणारच. तुम्ही कागद आणा, आम्ही दिवाळीपर्यंत थांबतो.

ती गेल्यावर मी काकांना नको नको ते बोलले. तुम्हाला कुणी नाही म्हणून तुम्हाला कुणाचं काही वाटत नाही, असंही बोलले. त्यांनी ते ऐकून घेतलं.

"मी खोटं बोललो काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग उद्या कचेरी उघडली की जाऊ. मीपण येतो. कागद काढू आपण."

आणि खरोखरच ते आले. पुढचे काही महिने माझ्या सगळ्या रजा त्यात गेल्या. कचेरीत सांगायचे की इमारतीची फाइल जुन्या जागेत होती, कपाटं हलवली तेव्हा इकडची तिकडं झाली. जुन्या जागेत गेलं तर तिथं आता गोदाम होतं. नकाशा काढणारा आर्किटेक्ट वारलेला. त्याच्या मुलानं दुकान टाकलं होतं. तो म्हणाला, बाबांचे नकाशे होते खरे, पण वाळवी लागली म्हणून जाळले. काका प्रत्येक ठिकाणी खिडकीपाशी उभे राहून आपण आल्याची पोच मागत. एका साहेबांनी चिडून कोऱ्या कागदावर 'हे गृहस्थ आले होते' असं लिहून सही केली. काकांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, बघ, एक तरी मिळाला.

मी त्या दिवशी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले होते.

दाखल्यासाठी नव्यानं अर्ज करता येईल, असं शेवटी एका भल्या कारकुनानं सांगितलं, पण जमीनमालकाची संमती आधी हवी. म्हणून आम्ही धसईला निघालो. शहापूरहून मुरबाड, मुरबाडहून एसटीनं धसई. मालकाचं नाव रघुनाथ. भाताचा व्यापारी. ओट्यावर पोती रचलेली, त्यांच्या मधोमध तो खुर्ची टाकून बसला होता. माणूस गोड होता. आप्पांची चौकशी केली. त्यांच्या जीपमधून मी कल्याणला गेलोय, म्हणाला. संमती द्यायला हरकत नाही, कुठं सही करायची ते सांगा. मी लिहून नेलेला मसुदा पुढं केला. त्यानं खिशातून पेन काढलं.

तेव्हा काका म्हणाले, "आन बहिणीची सही?"

रघुनाथचा हात थांबला. त्याला एक बहीण होती. डोंगराकडच्या पाड्यात दिलेली, नवरा गेलेला, दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाणारी. बाप मेल्यावर भावानं कागदावर तिचं नाव चढवलंच नव्हतं. हे काकांना माहीत होतं, कारण ती मुरबाडच्या डॉक्टरांकडे औषधाला यायची आणि औषध बांधताना कंपाउंडरशी माणसं खूप बोलतात.

रघुनाथ म्हणाला की तिचा काही संबंध नाही. काका म्हणाले, बापाची जमीन हाय तर तिचीपण हाय, तिचा अंगठा नाय तर कागद कच्चा. उद्या तिनं हक्क सांगितला तर ती नर्स पोरगी कुठं जाईल? मी काकांचा हात धरून दाबला. ते थांबले नाहीत. रघुनाथनं पेन खिशात ठेवलं, चहा आणायला गेलेल्या सुनेला आतूनच परत बोलावलं आणि आम्हाला सांगितलं की विचार करून कळवतो.

परतताना एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले नाही. मुरबाडच्या स्टँडवर त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली, तीही घेतली नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात ती बहीण नव्हती, न्याय नव्हता. छताकडे बघणारे आप्पा होते. एक सही राहिली होती आणि ती यांनी घालवली होती.

रघुनाथनं काही कळवलं नाही. दिवाळी झाली. नर्स मुलीचा फोन आला, तिनं वासिंदला घर घेतलं होतं. दोनदा माफी मागितली तिनं.

मी काकांशी बोलणं टाकलं. ते दुपारी वर येतच राहिले, पण मी शाळेतून यायच्या आधी निघून जात. आप्पांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, यांना जरा उठवून बसवा, उजेडात न्या. उजेड तर आमच्या घरात येत होता, पण त्या उजेडात बघायला समोरच्या गोदामाचा पत्रा तेवढा होता.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. काका होते. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी, तीन जिने चढून धाप लागलेली. मला वाटलं कुठं गावाला चाललेत.

"चार माणसं बोलावलीत," ते म्हणाले. "आप्पांना खाली ने. माझ्या घरात. मी हितं राहतो."

मी म्हटलं, काका, असं कसं, काहीतरी लिहून तरी घेऊया.

"कशाला?" ते म्हणाले. वळकटी भिंतीला टेकवली. "मला येळ लागला गो. आधीच बोलाया पायजे होतं."

आप्पांना त्या दिवशी शेवटचं खुर्चीतून उतरवलं. काकांनी खालची बाजू धरली होती. मी पुढं जाऊन त्यांचं दार ढकललं आणि पहिल्यांदा आत गेले.

दाराला उंबरा नव्हता. तो काढून सिमेंटचा उतार केलेला होता, घरातून थेट अंगणापर्यंत. न्हाणीघरात भिंतीला दोन ठिकाणी लोखंडी दांडे ठोकलेले, बसल्या माणसाच्या हाताला येतील असे. आतल्या खोलीत खिडकीपाशी खाट होती, खिडकीतून रस्ता दिसेल अशी लावलेली. तिच्या गादीवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं. काका स्वतः बाहेरच्या खोलीत फरशीवर झोपत असावेत. तिथं कोपऱ्यात चटईचा चौकोन उमटला होता.

त्यांनी ते प्लॅस्टिक स्वतःच्या हातानं काढलं. काढताना मला थोडक्यात सांगितलं. त्यांच्या बायकोचे, सुमतीकाकूंचे, पाय वातानं गेले होते. मुरबाडला दोघं एका घराच्या माडीवर भाड्यानं राहत. तिला बाहेर बघता यावं म्हणून त्यांनी हा तळमजला घेतला, होते ते पैसे सगळे घातले. भिंती ठोकून बघितल्या, नळ सोडून बघितले. दाखला आला की ताबा देतो, असं बिल्डर म्हणायचा. त्यांनी तेवढ्यात बिल्डरच्या माणसांकडून उतार करून घेतला, दांडे ठोकून घेतले, खाट आणून ठेवली. दाखला आज येईल, उद्या येईल. ती वाट बघत माडीवरच गेली. नंतर बिल्डरनं सगळ्यांना दाखल्याशिवायच किल्ल्या वाटल्या.

"घर घ्यायच्या आधी कागद विचारायचा असतो हे मला ठावच नव्हतं," ते म्हणाले, आणि उशीला अभ्रा घालायला लागले.

आप्पा त्या खाटेवर हिवाळाभर राहिले. पाठीला उशा लावून त्यांना खिडकीपाशी बसवलं की ते रस्ता बघायचे. जखमा भरत आल्या. जीप गेली, ट्रक गेला की त्यांचा डावा हात मांडीशेजारी हलायचा, गिअर टाकल्यासारखा. एखादा ड्रायव्हर चुकीचा वळला की ते जोरात म्हणायचे, "नाय." कधी मी त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून उतारावरून अंगणात न्यायची. काका तिसऱ्या मजल्यावरून उतरून येत, कट्ट्यावर बसत आणि दोघांचं बोलणं सुरू होई. मी काकांची मनापासून माफी मागायला दोनतीनदा तोंड उघडलं. त्यांनी दर वेळी भाजीचा भाव विचारला.

मधेच एकदा ते कुणालाही न सांगता डोंगराकडच्या पाड्यात जाऊन आले. रघुनाथच्या बहिणीला भेटले. तिला म्हणे हसू आलं. माझी जमीन, असं कोण बोललंच नव्हतं कधी, म्हणाली. तिनं आता हक्काचा अर्ज केला आहे. तो कुठल्या टेबलावर आहे ते काकांना तोंडपाठ असतं. संमती आलेली नाही, दाखलाही नाही. इमारत आहे तशीच आहे.

आप्पा होळीच्या सुमाराला गेले. सकाळची वेळ होती. मी बशीतून चहा पाजत होते. दोन घोट घेतले आणि तिसरा ओठावरून ओघळला. त्यांचे डोळे खिडकीकडे होते.

माणसं जमली. धसईकडचे, मुरबाडचे जुने जीपवाले आले. त्यांनीच खांदा द्यायचा असं म्हणाले. तिरडी आतल्या खोलीतच बांधली. चौघांनी ती उचलली आणि दारातून बाहेर काढली. कुठं वळावं लागलं नाही, कुठं कलती करावी लागली नाही. उतारावरून ते सगळे सावकाश अंगणात गेले. आप्पांचा चेहरा आभाळाकडे होता आणि ऊन त्यावर सारखं पडलं होतं.

मी दारात थांबले. बायका मागं रडत होत्या. काका उताराच्या टोकाशी एका बाजूला उभे होते. सगळे पुढं गेले तरी ते तिथंच. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय, म्हणून मी जवळ गेले.

"आडवे गेले," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"माडीचा जिना अरुंद होता गो. सुमती गेली तवा तिरडी वळेना, तिला बसती करून उतरवली. खुर्चीला बांधून. तिची मान सारखी पुढं पडत होती, मी खालनं हात लावून धरलेली."

एवढं बोलून त्यांनी टोपी नीट केली. मला म्हणाले, आंघोळीचं पाणी तापवाया ठेव, मंडळी परत येतील. आणि गुडघ्यावर हात ठेवत ठेवत ते चालत्या माणसांच्या मागून रस्त्याला लागले.